किडनीतली गाठ आणि जुनी फिल्म

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. २००१ साली ती सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती १६ लाख १५ हजारांवर आली. आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका, म्हणजे राज्यात सर्वांत जास्त. या आकड्यांचा अर्थ कोकणात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कमावती माणसे मुंबई-ठाण्याला, गावात म्हातारी. किडनीतली पाण्याची गाठ हा मुख्यतः उतारवयाचाच प्रकार. पन्नाशी ओलांडलेल्यांची पोटाची तपासणी केली तर साधारण चौघांत एकाच्या किडनीत अशी एखादी गाठ सापडते, आणि वय वाढेल तसे हे प्रमाण वाढत जाते. यांतल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. ज्याच्या पोटात त्या असतात त्याला त्यांचा पत्ताही नसतो, आणि कळले नाही तरी काही बिघडत नाही. थोड्या गाठींच्या भिंतीत किंवा आतल्या पडद्यांत मात्र कर्करोग दडलेला असतो. हा फरक पोट न उघडता ओळखण्याची विद्या गेल्या शंभर वर्षांत घडली. तिचा इतिहास सहसा यंत्रांची वंशावळ म्हणून सांगितला जातो: क्ष-किरण, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय. माझे म्हणणे असे की यंत्रांची ही रांग अर्धीच गोष्ट सांगते. या विद्येची खरी कमाई म्हणजे डॉक्टरला न कापता थांबता आले. आणि थांबायचे तर आधीचे चित्र जपलेले हवे. रत्नागिरीसारखा जिल्हा मागे राहिला तो यंत्रांपेक्षा या दुसऱ्या बाबतीत जास्त.

रॉंटगेनने १८९५च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि त्याच वर्ष-अखेरीस बायकोच्या हाताची हाडे छायाचित्रात उतरवली. हाड दिसले, मुतखडाही पुढे दिसू लागला, पण किडनी स्वतः दिसेना. तिची घनता आजूबाजूच्या मांसाइतकीच. फार तर भोवतालच्या चरबीमुळे कडेची पुसट रेघ दिसायची. १९२९ साली मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरने बर्लिनमध्ये आयोडीनयुक्त औषध शिरेतून देऊन मूत्रमार्गाची चित्रे काढून दाखवली, आणि ज्याला आपण पुढे आयव्हीपी म्हणू लागलो ती तपासणी रूढ झाली. औषध किडनीतून गाळले जाताना आतल्या वाटा पांढऱ्या उमटत. गाठ असेल तर त्या वाटा एका बाजूला ढकललेल्या, ताणलेल्या दिसत. अडचण इथेच होती. पाण्याची गाठही ढकलते आणि मांसाची गाठही ढकलते. कोण ढकलते आहे ते आयव्हीपी सांगू शकत नव्हता. मग सर्जनचा हिशेब साधा असे: कर्करोग राहून जाण्यापेक्षा उघडून पाहिलेले बरे. त्या हिशेबाला आज नावे ठेवणे सोपे आहे, पण हातातल्या पुराव्यावर तो चुकीचा नव्हता. मात्र त्यापायी कितीतरी माणसांच्या कुशीवर वीतभर व्रण आले आणि आत निघाले फिकट पिवळसर पाणी.

अशा ऑपरेशनसाठी रत्नागिरीच्या माणसाने जायचे कुठे, तर घाट चढून मिरजेला किंवा समुद्राने मुंबईला. मिरजेत विल्यम वॉनलेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ पासून होते आणि दक्षिण महाराष्ट्रात, कोकणात त्याचा दबदबा होता. मुंबईत जे. जे. १८४५चे, केईएम १९२६चे, आणि कर्करोगाचा संशय असेल तर १९४१ पासून परळचे टाटा. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, चाकरमानी नातेवाइकाच्या खोलीत मुक्काम करायचा आणि ओपीडीची रांग धरायची. पावसाळ्यात बोटी बंद. त्या चार महिन्यांत दुखणे निघाले तर घाटरस्ता, तोही दरड पडली नसेल तर. हा तपशील रंगतीसाठी सांगत नाही. तपासणी एकदाच होणार, रोगी पुन्हा येण्याची खात्री नाही, हे मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरला ठाऊक असे. जो पुन्हा दिसणार नाही त्याला ‘सहा महिन्यांनी या’ असे कोण सांगेल? लांबून आलेल्या माणसाच्या बाबतीत उघडून पाहण्याचे पारडे आणखी जड व्हायचे, हे अनुमान माझे आहे. पण ते चुकीचे असेल असे मला वाटत नाही.

मधल्या काळात सुरीऐवजी दुसरे काही शोधण्याची धडपड झाली. १९५३ साली सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरने मांडीच्या धमनीतून बारीक नळी सरकवण्याची युक्ती काढली. त्यामुळे किडनीच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेता येऊ लागले. कर्करोगात वेड्यावाकड्या नव्या वाहिन्यांचे जाळे दिसे, पाण्याच्या गाठीत काहीच नसे. पाठीतून सुई घालून गाठीतले पाणी काढायचे आणि तपासायचे, हाही मार्ग होता. पाणी स्वच्छ निघाले की डॉक्टर सुटकेचा श्वास टाकी, रक्ताळ निघाले की पुन्हा सुरी. या सगळ्या तपासण्या रोग्याला त्रास देणाऱ्या, थोडा धोका असलेल्या, आणि मोठ्या शहराबाहेर न मिळणाऱ्या. जिल्ह्याच्या सिव्हिलपर्यंत त्या पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता.

जिल्ह्यापर्यंत पोहोचली ती सोनोग्राफी. तिच्या जन्मकथेतच पाण्याची गाठ आहे. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी जहाजांचे पोलाद तपासण्याच्या यंत्रावरून प्रेरणा घेऊन पोटातल्या गाठींवर ध्वनिलहरी सोडून पाहिल्या आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निबंध छापला. त्यातल्या एका बाईला ऑपरेशनपलीकडचा पोटाचा कर्करोग असल्याचे निदान झाले होते. यंत्राने दाखवले की आत पाण्याने भरलेली मोठी गाठ आहे. ती अंडाशयाची होती. काढली आणि बाई वाचली. तत्त्व असे की आवाजाची लहर पाण्यातून जाताना तिला अडवणारे काही नसते, म्हणून परत येणारा पडसाद नसतो, पडद्यावर तेवढा भाग काळाकुट्ट दिसतो. पलीकडची भिंत लख्ख उमटते आणि तिच्या मागचा भाग नेहमीपेक्षा उजळ होतो. काळे पोट, रेखीव कड, मागे उजेड: ही तिन्ही लक्षणे जुळली तर ती साधी पाण्याची गाठ, आणि गोष्ट तिथेच संपली. सुई नाही, किरण नाही, दाखल होणे नाही. आयव्हीपीने चाळीस वर्षे अडवून धरलेला प्रश्न बहुसंख्य रोग्यांपुरता जेल लावून पाच मिनिटांत सुटला. माझ्या लेखी किडनीच्या गाठींच्या इतिहासात याहून मोठी उडी नाही, सीटीसुद्धा नाही. ज्या गाठींना काहीच करायचे नाही त्या सोनोग्राफीने गावाजवळ वेगळ्या काढल्या.

महाराष्ट्रात या यंत्राचा इतिहास मात्र किडनीच्या नावाने लिहिला गेला नाही. तो लिहिला गेला गर्भातल्या मुलींच्या नावाने. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४चा कायदा १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली तो कडक झाला. त्यानंतर प्रत्येक यंत्राची नोंदणी, जागेची नोंदणी, चालवणाऱ्याची नोंदणी. यंत्र उचलून दुसऱ्या गावी नेण्यावर निर्बंध. डोंगरी, विखुरलेल्या वाड्यांच्या जिल्ह्यात याचा अर्थ असा झाला की यंत्र रोग्याकडे जाणार नाही, रोग्यानेच यंत्राकडे जायचे. मंडणगडच्या नाहीतर राजापूरच्या आतल्या गावातल्या म्हाताऱ्याला पोटाची सोनोग्राफी म्हणजे एक दिवसाचा खाडा. या कायद्याने किडनी, यकृत, पित्ताशय यांच्या रोग्यांचे नुकसान केले, असा आक्षेप रेडिओलॉजिस्ट मंडळी घेत आली आहेत, आणि त्यात तथ्य आहे. पण राज्यातले सहा वर्षांखालच्या मुलींचे प्रमाण २००१ साली हजार मुलांमागे ९१३ होते, ते २०११ साली ८९४ झाले. कायदा असूनही इतके घसरले. अशा राज्यात यंत्रे गावोगाव मोकळी फिरू द्या म्हणणे मला पटत नाही. इथे मला रस आहे तो वेगळ्या गोष्टीत. कोल्हापूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी आणि कादंबरीकार लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण बसवायला लावले. यंत्रावर जे जे दिसले ते ते या पेटीत साठवले जाई. रेडिओलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांची बाजू उचलून धरली. म्हणजे प्रत्येक तपासणीचे चित्र जपून ठेवणे तांत्रिकदृष्ट्या जमते, जिल्हा पातळीवर जमते, सरकारच्या आदेशाने जमते, हे आंबा घाटाच्या पलीकडेच सिद्ध झाले. ते जमले ते पाळतीसाठी. रोग्याला त्याचे जुने चित्र मिळावे म्हणून अशी पेटी बसवण्याचे कुणाच्या मनात आले नाही.

सीटीकडे वळण्याआधी सोनोग्राफीची मर्यादा सांगायला हवी. गाठ साधी असेल तर ती ठामपणे सांगते. पण आत पडदे आहेत, कडेला कॅल्शियम बसले आहे, पाण्यात जुने रक्त मिसळले आहे, असे दिसले की ती ‘पुढे तपासा’ म्हणून मोकळी होते. ही पुढची तपासणी १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रोग्यावर झाली. ईएमआय कंपनीचे इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी क्ष-किरण डोक्याभोवती फिरवून संगणकाकडून आतली आडवी चकती रंगवून घेतली; पुढच्या तीन-चार वर्षांत हे तंत्र पोटापर्यंत आले, आणि १९७९ साली त्यांना आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळाले. किडनीच्या दृष्टीने सीटीचे मर्म चित्राइतकेच आकड्यात आहे. चकतीतल्या प्रत्येक ठिपक्याला हाउन्सफील्डच्या मापात एक अंक असतो: पाणी शून्य, हवा उणे हजार. रेडिओलॉजिस्ट पडद्यावरच्या गाठीवर माउसने छोटे वर्तुळ काढतो आणि अंक वाचतो. समजा, तो ११ आला. मग शिरेतून आयोडीनचे औषध देऊन साधारण दीड मिनिटाने पुन्हा तीच चकती, त्याच जागी तेच वर्तुळ. आता अंक १४ आला तर गाठीत रक्त पोहोचत नाही, ती नुसते पाणी. पण आधी ३२ आणि नंतर ७५ आला तर आत जिवंत, रक्त पिणारे मांस आहे. २०च्या वर वाढ झाली तर ती खरी धरायची, असा आजचा दंडक. हा सगळा निवाडा दोन चकत्यांच्या तुलनेवर उभा आहे. औषधाआधीची चकती काढलीच नसेल, तर ७५ हा अंक एकटा काहीच सांगत नाही. गाठीत जुने रक्त असले तरी तो अंक तेवढा येऊ शकतो. मुतखड्यासाठी काढलेल्या साध्या, बिनऔषधाच्या स्कॅनमध्ये उलट अडचण असते: आधीचे आहे, नंतरचे नाही. कोकणात किडनीच्या कितीतरी गाठी अशाच मुतखडा शोधताना सापडतात.

सीटीने तपशील इतका दिला की डॉक्टर नव्याने गोंधळले. एकाच्या रिपोर्टमध्ये ‘कॉम्प्लेक्स सिस्ट’ म्हणजे निरुपद्रवी, दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये तोच शब्द म्हणजे कर्करोगाची शंका. १९८६ साली न्यूयॉर्क विद्यापीठातले रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बोस्निॲक यांनी ‘रेडिओलॉजी’ नियतकालिकात चार वर्ग मांडले. पहिला, साधी गाठ. दुसरा, एखाद-दोन केसाइतके पातळ पडदे किंवा कॅल्शियमची बारीक रेघ. याचीही काळजी नको. तिसरा, जाड किंवा वेडीवाकडी भिंत, औषध शोषणारे पडदे. इथे सांगता येत नाही. चौथा, आत उघड मांसाचा गोळा. हा कर्करोगच समजायचा. वर्गवारी सोपी होती म्हणून जगभर पसरली, आणि रोग्यांच्या तोंडीही बसली. पण दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये बऱ्याच गाठी अडकत. दुसऱ्यात घालायला त्या जरा जास्तच होत्या, तिसऱ्यात घालून ऑपरेशन करायला जरा कमी. १९९३ साली बोस्निॲक यांनी त्यांच्यासाठी मधला वर्ग काढला: टू-एफ. एफ म्हणजे फॉलो-अप. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत धाडसाची गोष्ट आहे. एका डॉक्टरने छापील स्वरूपात कबूल केले की आजचे चित्र पुरेसे नाही, दुसरे चित्र काढायला काळ जाऊ द्यावा लागेल. काळ हीच तपासणी ठरली.

पुढच्या आकड्यांनी त्यांना न्याय दिला. २०१७ साली अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, तेव्हा तिसऱ्या वर्गातल्या ऑपरेशन झालेल्या गाठींपैकी सुमारे निम्म्या कर्करोगाच्या निघाल्या, चौथ्यात दहांत नऊ. टू-एफमधल्या शंभरांपैकी सुमारे बारा गाठी पुढे बदलल्या आणि वरच्या वर्गात गेल्या; त्या बदललेल्यांत बहुसंख्य कर्करोगाच्या होत्या. ज्या बदलल्या नाहीत त्यांत एक टक्काही नाही. २०१९ साली स्टुअर्ट सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी वर्गवारी नव्याने घासून दिली. ‘थोडे’, ‘जाड’ अशा शब्दांना मिलिमीटर लावले: तीनपर्यंत पातळ पडदे दुसऱ्या वर्गात, चार किंवा जास्त असले, किंवा भिंत ३ मिलिमीटर भरली, तर टू-एफ, आणि औषध शोषणारी भिंत किंवा पडदा ४ मिलिमीटर किंवा अधिक जाड झाला तर तिसरा. एमआरआयलाही या वर्गवारीत जागा मिळाली. टू-एफ गाठ सहा महिन्यांनी, मग वर्षाने, आणि मग पाच वर्षे पुरी होईपर्यंत दरवर्षी पाहायची. या मांडणीतली एक गोष्ट सामान्य रोग्यापर्यंत पोहोचतच नाही: गाठ मोठी झाली एवढ्यावरून ती वाईट ठरत नाही. साध्या गाठीही वर्षागणिक वाढतात. पाहायचे ते अंतरंग. पडदे जाड झाले का, त्यात संत्र्याच्या फोडींसारखे नवे भाग पडले का, भिंतीवर कोंब आला का. आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये मात्र ‘४.२ गुणिले ३.८ सेंटिमीटर’ एवढेच ठसठशीत असते. पुढच्या वर्षी ४.९ झाले की घरात रडारड. जुना कागद आकार सांगतो, अंतरंग सांगत नाही. ते जुन्या फिल्मवरच असते.

रत्नागिरीचा प्रश्न इथे येऊन ठेपतो. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि मुंबईची साडेतीनशे किलोमीटरची वाट एका रात्रीची झाली. डेरवणला वालावलकर रुग्णालय १९९६ साली आले, त्याला जोडून पुढे वैद्यकीय महाविद्यालय झाले. रत्नागिरी शहरात २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. करोनाच्या साथीने छातीचे सीटी गल्लोगल्ली पोहोचवले. सप्टेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने या छातीच्या सीटीचे, म्हणजे एचआरसीटीचे, दर यंत्राच्या प्रतीनुसार २०००, २५०० आणि ३००० रुपयांवर बांधले. छातीच्या स्कॅनच्या शेवटच्या काही चकत्यांत किडनीचे वरचे टोक येते, म्हणून फुप्फुस पाहायला गेलेल्या माणसाच्या हाती किडनीतल्या गाठीची ओळ पडण्याची सोयही झाली. थोडक्यात, पहिले चित्र आता जवळ आले. दुसऱ्या चित्राची व्यवस्था मात्र होती तिथेच आहे. पहिला स्कॅन मुलीकडे ठाण्याला गेले तेव्हाचा, दुसरा कोल्हापुरात भाच्याच्या ओळखीने, तिसरा रत्नागिरीत. तीन केंद्रे, तीन वेगळी यंत्रे, तीन रेडिओलॉजिस्ट. कुणाकडेच आधीच्याचे काही नाही. फिल्म आहे ती घरी, ट्रंकेत किंवा माळ्यावर, आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या दमटीत तिला बुरशी धरते, एक फिल्म दुसरीला चिकटून बसते. सीडी दिली असेल तर ती लावायला घरात यंत्र नाही. मग तिसरा डॉक्टर नव्याने पहिले चित्र काढतो आणि नव्याने सहा महिने सांगतो. टू-एफ गाठीचा काळ मोजायला सुरुवातच होत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की एवढा खटाटोप कशाला, सुई घालून तुकडा काढा आणि काय ते ठरवून टाका. घन गाठीच्या बाबतीत हा सल्ला योग्य असू शकतो. पाण्याच्या गाठीत सुई गेली तर नेमका कर्करोगाचा ठिपका तिच्या टोकाला सापडेल याची खात्री नसते. सापडला नाही म्हणून निर्धास्त होणे सर्वांत धोक्याचे. दुसरा आक्षेप ग्रामीण वास्तवाच्या नावाने घेतला जातो: लांबचा रोगी पाच वर्षे येणार नाही, म्हणून एकदाच ऑपरेशन करून टाकलेले बरे. ही बोटीच्या काळातली विचारसरणी आहे. टू-एफमधल्या शंभरांपैकी अठ्ठ्याऐंशी जणांना कापण्याची गरज कधीच पडणार नाही, हे कळल्यानंतरही प्रवासाच्या गैरसोयीसाठी त्यांची किडनी पणाला लावायची, हे मला मान्य नाही. उलट पुरावा असा सांगतो की किडनीच्या पाणथळ गाठींतले कर्करोग घन गाठींपेक्षा बहुधा संथ चालीचे असतात. काही डॉक्टर आता तिसऱ्या वर्गातल्या म्हाताऱ्या रोग्यांनाही थांबवू लागले आहेत. तिसरा आक्षेप पुनःपुन्हा होणाऱ्या किरणांचा. तो खरा आहे, आणि म्हणूनच जुनी फिल्म हरवल्यामुळे उगाच नव्याने काढलेला प्रत्येक स्कॅन हा अपराध मानायला हवा. जिथे जमेल तिथे एमआरआयने पाठपुरावा करता येतो. त्यात क्ष-किरण नाहीत.

चौथा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही वर्गवारी अमेरिकेतल्या रोग्यांवरून बनली. आपल्याकडे किडनीत क्षय असतो, पू होतो, क्वचित कुत्र्यामेंढ्यांच्या जंतापासूनची हायडॅटिड गाठही सापडते. या तिन्ही गोष्टी चित्रात जाड भिंत आणि पडदे घेऊन येतात आणि तिसऱ्या वर्गाची सोंगे घेतात. बरोबर. ही वर्गवारी अशा रोगांसाठी नाहीच, आणि घरात आनुवंशिक असलेल्या, दोन्ही किडन्या गाठींनी भरून जाणाऱ्या रोगासाठीही नाही. ताप आहे का, लघवीत पू आहे का, पूर्वी क्षय झाला होता का, हे चित्राआधी विचारावे लागते. पण यातून निष्कर्ष निघतो तो रोग्याची मागची हकीकत जपण्याचा. पुवाची गाठ औषधांनी काही आठवड्यांत आकसते, कर्करोग आकसत नाही. आणि आकसली की नाही हे कळायला पुन्हा आधीचे चित्रच लागते.

शेवटचा आक्षेप असा की आता सगळे डिजिटल झाले, आभा क्रमांक आला, जुन्या फिल्मचे रडगाणे संपले. सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या या डिजिटल आरोग्य-नोंदींच्या योजनेत आभा क्रमांकाला रिपोर्ट जोडता येतात हे खरे. पण वर सांगितले तसा रिपोर्ट आकार सांगतो. शेकडो चकत्यांची मूळ चित्रे हा वेगळा आणि जड माल आहे. शासकीय आरोग्य विम्याचा साचाही इथे अपुरा पडतो. राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळालेली योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये रत्नागिरीसह उरलेल्या जिल्ह्यांत पोहोचली. गरिबाचे ऑपरेशन तिने आवाक्यात आणले, हे तिचे मोठे काम. पण तिची रचना दाखल होण्याभोवती आणि शस्त्रक्रियांच्या पॅकेजांभोवती आहे. ज्याला काहीच करायचे नाही, फक्त वर्षाला एकदा पाहायचे आहे, असा रोगी त्या रचनेत नीट बसत नाही. कापले तर पैसे मिळतात, थांबले तर खिशातून जातात. आयव्हीपीच्या काळात सुरीचे पारडे अज्ञानाने जड होते. आता ते हिशेबाने जड व्हायला नको.

हे सुधारणे फार मोठ्या खर्चाचे नाही. रत्नागिरीच्या शासकीय महाविद्यालयाने जिल्ह्यातल्या सर्व सरकारी सीटी-एमआरआयची मूळ चित्रे एका ठिकाणी निदान सहा वर्षे ठेवावीत आणि खासगी केंद्रांनाही त्यात भाग घ्यायला सांगावे. गर्भलिंग कायद्यासाठी प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवायला लावणाऱ्या राज्याला हे अशक्य नाही. तोवर वाचकांनी आपल्यापुरते एवढे करावे: घरातल्या कुणाच्या रिपोर्टमध्ये किडनीतली गाठ आणि टू-एफ असे आले असेल, तर कागदावर समाधान मानू नका, मूळ चित्रांची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या, ती मुंबईच्या मुलाकडे आणि गावच्या घरी अशी दोन ठिकाणी ठेवा, आणि पुढच्या वर्षी स्कॅनच्या टेबलावर झोपण्याआधी ती रेडिओलॉजिस्टच्या हातात द्या.